डाव्या मागाची मोटर

आमच्या घरात शिरायचं तर आधी वर्कशॉपमधून जावं लागतं. वर्कशॉप आपलं म्हणायला. आहे ती दहा बाय बाराची खोली. पुढे शटर, मागे स्वयंपाकघराचं दार. डाव्या हाताला लोखंड आवळायचा व्हाइस, उजव्या हाताला धार लावायचा ग्राइंडर, आणि मधोमध ड्रिल मशीन, माणसाच्या उंचीचं, हिरव्या रंगाचं. रंग आता जिथं हात लागत नाही तिथंच राहिलाय. त्या मशीनला वळसा घातल्याशिवाय आमच्याकडे कुणाला चहा मिळत नाही. माझी जाऊ पहिल्यांदा आली तेव्हा साडीचा पदर त्याच्या हँडलला अडकला. म्हणाली, "तुमच्या घरात सासू नाही, पण ही आहे की पदर धरायला."

मी लग्न होऊन दिघाशीहून भिवंडीत आले, त्याच्या दुसऱ्या वर्षी हे मशीन आलं. तेव्हासुद्धा जुनंच होतं. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं जे काही शिकले ते ह्या मशीनपाशी. दशांश अपूर्णांक मला कुणी बाईंनी शिकवले नाहीत, ड्रिलच्या डब्यावरच्या आकड्यांनी शिकवले. साडेसहाचं ड्रिल कुठलं आणि सहा पूर्णांक आठ दशांशाचं कुठलं, हे मी डोळे मिटून बोटांनी सांगते. आधी मी फक्त लोखंडाचा कीस झाडायची. मग प्लेट धरायला लागले. मग एक दिवस हे जेवायला बसले होते, गिऱ्हाईक घाई करत होतं, म्हणून मीच हँडल ओढलं. ह्यांनी आतून घास हातात धरून विचारलं, "कोण मारतंय होल?" मी म्हटलं, "मी." हे म्हणाले, "मग जरा दमानं मार." एवढंच. तीच माझी परीक्षा आणि तोच निकाल.

आमचं काम सगळं यंत्रमागांचं. गल्लीत दोन्ही बाजूंना कारखाने, दिवसरात्र माग चालायचे. कुठल्या मागाची पट्टी तुटली, कुठला लिव्हर झिजला, की जॉबर धावत यायचा. जॉबर म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा माणूस. विणकराला तो हवा म्हणजे हवाच. त्या कामाला होलं बारीक लागायची. करंगळी जाईल एवढं म्हणजे मोठं होल. तेवढ्याला आमच्या मशीनचा वेग अगदी बरोबर होता. घर्र केलं की आरपार.

मग माग कमी झाले. मी त्याची कारणं सांगत बसत नाही, ती सगळ्यांना माहीत आहेत आणि प्रत्येकाची वेगळी आहेत. समोरचा कारखाना बंद झाला, शेजारचा अर्धा राहिला, आणि आमच्याकडे जवळच्या राहनाळच्या गोडाऊनांचं काम यायला लागलं. माल ठेवायचे उंच रॅक असतात ना, त्यांच्या पायाखाली लोखंडाची प्लेट बसवतात. बोटभर जाड प्लेट, आणि तिला अंगठा आरामात जाईल एवढी चार होलं. काम चांगलं होतं, आमचा मुलगाच गोडाऊनमध्ये सुपरवायझर, त्यानंच मिळवून दिलेलं. पण मशीनला ते झेपेना. जाड ड्रिलला हळू फिरवावं लागतं, नाहीतर ते कापण्याऐवजी घासतं, तापतं, त्याच्या टोकाला निळा रंग चढतो आणि धार जाते. आमच्या मशीनच्या डोक्यावर तीन पायऱ्यांची पुली आहे. पट्टा सगळ्यात हळू पायरीवर चढवला तरी ते आपलं पळतच राहायचं. हे म्हणायचे, "पोटात काय घाई हाय त्याच्या, कळत न्हाय."

आता ते झालं ते सांगते. लांबवून उपयोग नाही.

आमची पद्धत अशी होती, की एकानं प्लेट चिंधीत गुंडाळून हातानं घट्ट दाबून धरायची आणि दुसऱ्यानं हँडल ओढायचं. बारीक होलांना चालतं ते. तीसेक वर्षं चाललं होतं. त्या दिवशी प्लेट मी धरली होती. होल आरपार व्हायच्या क्षणाला ड्रिल अडकतं, हे मला माहीत होतं, मी जोर लावूनच होते. पण ते जाड ड्रिल होतं आणि तो वेग. प्लेटीनं असा काही झटका मारला की ती माझ्या हातातून सुटली. नाही, सुटली असं मी सगळ्यांना सांगितलं. मी सोडली. सोडलेली प्लेट पंख्यासारखी फिरली आणि हँडलवरून खाली येणाऱ्या ह्यांच्या उजव्या हाताला लागली.

टाके पडले, जखम भरली, हात राहिला. फक्त शेवटची दोन बोटं दुमडेनात.

त्यानंतर ह्यांनी शटरच्या तोंडाशी प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि त्या खुर्चीत बसले ते बसले. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "बंद हाय." मशीनला धूळ नको म्हणून मी माझी जुनी साडी पांघरली होती. हे जेवायला आत येताना त्याच्याकडे न बघता वळसा घालायचे. तीन महिने. बोलणं तसं कधीच फार नव्हतं, पण आता तेही गेलं. एक कान तेवढा जागा होता. रस्त्यावरून रिक्षा गेली की पुटपुटायचे, "बेरिंग गेलंय." शेजारच्या कारखान्यातल्या मागांचा आवाज ऐकून म्हणायचे, "चौथा माग अडखळतोय." मी आतून ऐकायचे. वाटायचं, हे असं ऐकू येणारा माणूस खुर्चीत कसा बसून राहील? आणि मग वाटायचं, बसेल. घाबरलेला माणूस बसतो.

मुलगा कल्याणला राहतो. एका रविवारी आला, बापाच्या हाताकडे बघितलं, आत येऊन माझ्याशेजारी ओट्याला टेकून उभा राहिला.

"आई, मशीन विकून टाकू. शेलार गावात एक भंगारवाला आहे ओळखीचा. पुढच्या रविवारी येतो म्हणालाय."

"बाबांना विचारलंस?"

"विचारलं. म्हणाले, घेऊन जा."

"एवढंच म्हणाले?"

"आई, हात गेला असता त्यांचा. तुझाही गेला असता. आता काय सिद्ध करायचंय तुम्हाला ह्या वयात?"

त्याचं काही चुकत नव्हतं. काळजीच होती पोराची. पण 'घेऊन जा' हे शब्द मला पटेनात. ज्या माणसानं दिघाशीच्या विहाराच्या दाराची बिजागरं दोनदा बनवली, का तर पहिली थोडी कुरकुरत होती, तो माणूस आपलं मशीन न बघता देऊन टाकतो? मला वाटलं, मशीन गेलं की ही खुर्ची कायमची. मग हे उठणार कशासाठी?

माझ्या हातात सोमवार ते शनिवार होते.

सोमवारी सकाळी मी गल्लीच्या टोकाच्या कारखान्यात जॉबरभाईंकडे गेले. आमच्या ह्यांच्याच वयाचे. चाळीस वर्षं माग दुरुस्त केले. मला भाभी म्हणतात, ह्यांना भाईसाब, आणि ह्यांना टोमणा मारल्याशिवाय त्यांना पाणी गोड लागत नाही. त्यांच्या कारखान्यातले निम्मे माग नुकतेच भंगारात निघाले होते, मोटरी भिंतीला रांगेनं लावून ठेवल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, मशीन हळू करायचंय. हळू झालं तर ह्यांची भीती जाईल.

त्यांनी दाढी खाजवली आणि म्हणाले, "भाभी, लूम की मोटर लगाओ. लूम को कोई जल्दी नहीं होती."

"मागाची मोटर खरंच हळू असते?"

"पढ़ लो ना. आप तो पढ़ी-लिखी हो."

थट्टाच होती ती, पण मी वाकून मोटरीवरची पट्टी पुसली आणि वाचली. मिनिटाला नऊशे साठ फेरे. घरी येऊन साडी बाजूला करून आमच्या मशीनची मोटर वाचली. चौदाशे चाळीस. म्हणजे तीन फेऱ्यांमधला एक फेरा नुसती मोटर बदलल्यानं कमी होणार होता. तरी पुरेना. जाड ड्रिलला ह्याच्याही निम्म्यानं हळू लागतं, हे मला ह्यांनीच कधीतरी सांगितलं होतं.

मग मी स्वयंपाकघरात बसून एक खेळ केला. मागाची रिकामी कांडी घेतली, जिच्यावर सूत गुंडाळतात ती. लोणच्याच्या बरणीचं झाकण घेतलं. दोन्हींना मिळून दोऱ्याचा एक वेढा घातला आणि कांडी फिरवली. कांडी चार वेळा गरकन फिरली तेव्हा झाकण कुठं एकदा फिरलं. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण माहीत असणं वेगळं आणि दोऱ्यानं बोटाला सांगणं वेगळं. मोटरीवर बारकी पुली, मशीनच्या डोक्यावर मोठी. झालं तर. हे दारातून पाणी प्यायला आले आणि मला झाकण फिरवताना बघितलं.  पाणी पिताना नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले.

मंगळवारी जॉबरभाई मोटर खांद्यावर घालून आले. मागाच्या मोटरीवर बारकी पुली असतेच, ती तशीच ठेवली. मोठी पुली त्यांच्याच भंगारात सापडली, आणि तिचं मधलं भोक मशीनच्या दांड्याला बसावं म्हणून नाक्यापलीकडच्या लेथवाल्याकडून एक बुश, म्हणजे आत बसणारी लोखंडी नळी, करून आणला. मी बाजारातून लांब पट्टा आणला. दुकानदारानं विचारलं, "काकी, कुठल्या मशीनला?" मी म्हटलं, "माझ्या."

येताना जॉबरभाई खुर्चीपाशी थांबले. "क्या भाईसाब, पिक्चर देख रहे हो? टिकट लगेगा."

हे रस्त्याकडेच बघत म्हणाले, "फुकटात दिसतंय म्हणून तर बसलोय."

मला एवढं बरं वाटलं ते उत्तर ऐकून, की मी जॉबरभाईंच्या चहात दोनदा साखर घातली.

त्यांनी मोठ्या उत्साहानं मशीनची जुनी मोटर उतरवली, जमिनीवर ठेवली, मागाची मोटर उचलून तिच्या जागी धरली, आणि तशीच धरून उभे राहिले.

"भाभी, इसके पाँव के होल अलग हैं."

"मग?"

"मोटरवाली प्लेट में चार नये होल मारने पड़ेंगे."

"मारा की."

"किससे?"

आम्ही दोघांनी मशीनकडे बघितलं. मशीनची मोटर आमच्या पायाशी पडलेली. होल मारायला आख्ख्या गल्लीत एकच मशीन, ते आम्हीच बंद करून ठेवलेलं. जॉबरभाई मोटर पोटाशी धरून हसायला लागले आणि मला भीती, की ती त्यांच्या पायावर पडते की काय. मीही हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. मान वळली नव्हती.

"कानस घ्या. गोल कानस. जुनीच होलं लांबट करा."

 ते 'घेऊन जा' सोडलं, तर तीन महिन्यांत मशीनबद्दल ह्यांनी काढलेले हे पहिले शब्द. जॉबरभाईंनी माझ्याकडे बघून भुवई उडवली आणि कानस शोधायला लागले.

लोखंडात कानशीनं खाच पाडायची म्हणजे काय ते ज्यानं पाडलंय त्यालाच विचारा. बुधवार गेला, गुरुवार गेला. जॉबरभाई ड्युटी संपवून यायचे तेव्हा ते घासायचे, एरवी मी. शेजारीण म्हणाली, "काय हो, घरात उंदीर फार झालेत का? दिवसभर कुरतडल्याचा आवाज येतोय." गुरुवारी संध्याकाळी मोटर एकदाची बोल्टांवर बसली. वायरी जॉबरभाईंनी जोडल्या, मागावरून काढताना जशा खुणा करून ठेवल्या होत्या तशाच्या तशा. त्यांचा हात त्या कामात बसलेला. मोठ्या पुलीवर मशीनचं झाकण बसेना, म्हणून मी तेलाचा डबा कापून नवं झाकण केलं. अजून आहे ते. त्याच्यावर सूर्यफूल आहे.

शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी. नमाज झाल्यावर, दुपारी अडीचच्या सुमाराला जॉबरभाई आले, पांढरा कुर्ता घालून. गल्लीत अशी शांतता की नळाखालची बादली भरलेली ऐकू येत होती. मी बटण दाबलं.

काय सांगू! तो चक, ड्रिल पकडणारा जबडा, ज्याला आम्ही तीस वर्षं नुसता गोल धूसर बघितला होता, तो आता जिवंत माणसासारखा फिरत होता. त्याच्या दातांमधली फट फिरताना दिसायची. वाऱ्याचा आवाज नाही, थरथर नाही. जॉबरभाई म्हणाले, "देखो, कैसी शरीफ हो गई." मी त्या वेगाकडे बघतच राहिले. दोघंही वेगाकडेच बघत होतो, तिथंच घोळ झाला.

जाड ड्रिल घरात एकच होतं. ते लावलं. प्लेट ठेवली, आणि सवयीनं मी चिंधी घेऊन ती धरली.  ह्यांनी खुर्ची पार रस्त्याकडे वळवलेली मला दिसली.

जॉबरभाईंनी हँडल ओढलं. ड्रिल टेकलं आणि किंचाळलं. मी तेल सोडलं. धूर निघाला. जॉबरभाईंनी आणखी जोर लावला, मग दोन्ही हातांनी लोंबकळले. पुन्हा किंचाळलं. कीस म्हणून नावाला निघेना. थांबवून बघितलं तर प्लेटीवर होल नाही, नुसती एक चकचकीत वाटी, जसा कुणी अंगठ्यानं पुसून ठेवलेला डाग. आणि ड्रिलच्या टोकाला निळा रंग.

"लोहा सख्त है," जॉबरभाई म्हणाले.

लोखंड रोजचंच होतं. मी ड्रिलचं टोक बघितलं, पार गेलेलं. एकुलतं एक ड्रिल जाळून बसले होते. मला वाटलं, हळू केलेलं मशीन कापतच नसेल. मी ह्यांना शिकवायला निघाले होते, चौथी पास बाई, बरणीच्या झाकणावर हिशोब करून. जॉबरभाई कुर्त्याला तेल लागेल हे विसरून स्टुलावर बसले. मी मोटर बंद केली आणि ती जुनी साडी उचलून मशीनवर पुन्हा टाकायला लागले. परवा भंगारवाला येणारच होता, त्याला झाकलेलंच देऊ.

"मोटर कुठल्या मागाची?"

हे विचारत होते. खुर्ची वळली होती.

जॉबरभाई म्हणाले, "अपने कारखाने की. कोनेवाला लूम."

"कोपऱ्यातला म्हणजे डावा का उजवा?"

जॉबरभाईंनी मोटरीकडे बघितलं, मग आपल्या दोन्ही हातांकडे.

आमच्याकडे माग जोडीनं मांडतात, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. एक डावा, एक उजवा. मधल्या वाटेत विणकर उभा राहतो, म्हणजे दोन्हींचे दांडे त्याच्या हाताशी येतात. म्हणून एका मागाची मोटर ह्या टोकाला, दुसऱ्याची त्या टोकाला, आणि दोघींचं फिरणं एकमेकींच्या उलट. मागाला त्याचं काही नाही. कापड दोन्हीकडे सुलटंच निघतं. चाळीस वर्षं जॉबरभाईंनी दोन्ही तऱ्हेच्या मोटरी जोडल्या, त्यांना उलटं फिरणारी मोटर ही चूक वाटणारच कशी? पण ड्रिलला एकच दिशा असते. उलटं फिरवलं की त्याची धार मागं राहते आणि पाठ घासते. आम्ही मशीन हळू केलं होतं खरं, आणि उलटंही.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं. "तुम्ही तर बघतसुद्धा नव्हता."

"कापणारं ड्रिल असं रडत न्हाय. धार गेलेलं बी असं रडत न्हाय. ह्याची पाठ घासत होती."

जॉबरभाईंनी कपाळावर हात मारला. "या अल्ला. लेफ्टवाला. लेफ्टवाला उठा लाया मैं."

आणि हे हसले. मोठ्यानं नाही, नाकातून, जसे हसतात तसे. म्हणाले, "चाळीस वर्षं जॉबरकी केली आणि डावं-उजवं कळंना व्हय? बायकोनं घरात कसं ठेवलं तुम्हाला?"

"अरे, उसी ने तो राइट साइड पे रखा है," जॉबरभाई म्हणाले आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन मोटरीत वाकले. तीन वायरींमधल्या दोन आपसांत बदलायच्या, एवढंच काम. पाच मिनिटांचं.

पण ड्रिल जळलेलं. जाड ड्रिलला हातानं धार लावणं हे काही माझं काम नाही आणि जॉबरभाईंचंही नाही. दोन्ही कडा अगदी सारख्या लागतात, नाहीतर होल वेडंवाकडं पडतं. आमच्या गल्लीत ते एकच माणूस करायचा.  मी ड्रिल काढून हातात घेऊन उभी राहिले.

हे उठले. तीन महिन्यांत पहिल्यांदा मशीनला वळसा न घालता सरळ आले, माझ्या हातातून ड्रिल घेतलं, ग्राइंडर सुरू केला. उजव्या हाताची ती दोन बोटं सरळच राहायची, साहेब लोक कप धरतात तशी. पहिल्यांदा ड्रिल घसरलं. दुसऱ्यांदाही नीट बसेना. मग ह्यांनी हात बदलला, पुढचा हात डावा केला, आणि ठिणग्या एका रेषेत पडायला लागल्या. पाण्यात बुडवायचं, नखावर टेकवून बघायचं, पुन्हा लावायचं. चष्मा कपाळावर गेला, खाली आला. 

ड्रिल लावलं. मी प्लेट ठेवली आणि चिंधी घेतली.

"ती चिंधी ठेव खाली," हे म्हणाले. "बोल्ट आण दोन. प्लेट टेबलाला आवळून टाक."

"मी धरते ना."

"न्हाय धरायची."

मला वाटलं, आता ह्यांचा माझ्यावर विश्वास उरला नाही. आणि जे तीन महिने कुणाला सांगितलं नव्हतं ते जॉबरभाईंच्या देखत तोंडातून निघालं. म्हटलं, "अहो, त्या दिवशी प्लेट सुटली नव्हती. मी सोडली. मला भीती वाटली आणि मी सोडली. धरून ठेवली असती तर तुमचा हात..."

"तुझी चारही बोटं गेली असती," हे म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते, ड्रिलकडे बघत होते. "मला ठाऊक हाय तू सोडली. बरं केलंस. असल्या जाड ड्रिलला हातानं धर म्हणून तुला सांगितलं कुणी? मीच ना? त्या खुर्चीत बसून दुसरं काय करत होतो मी? डोळ्यासमोर तुझा हातच यायचा."

जॉबरभाई वाकून जमिनीवर काहीतरी शोधायला लागले. काही पडलेलं नव्हतं.

तीन महिने मी समजत होते, ह्यांना मशीनची भीती बसली. आणि हे दारात बसून गिऱ्हाइकांना परत पाठवत होते ते माझ्या हातासाठी.

मी बोल्ट आणले. दोन्ही बाजूंनी पट्ट्या घालून प्लेट आवळली, पान्ह्याला लोंबकळून. ह्यांनी हलवून बघितली. मग बटण दाबलं आणि हँडल डाव्या हातानं ओढलं.

लोखंड निघालं. किसासारखं नाही, गोल गोल लांब वळ्या, ड्रिलच्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी वर येणाऱ्या, शांतपणे. आवाज कसला, तर कुणी शेजारच्या खोलीत पोळ्या लाटतंय असा. आमटीला उकळी येईल एवढा वेळ लागला. आरपार होतानाही झटका नाही. हे वाकून होलात बोट घालून बघत राहिले. गरम असेल म्हणून मी ओरडले, तर म्हणाले, "कोमट हाय."

रविवारी सकाळी मुलगा आला, भंगारवाला त्याच्यामागून, दोन माणसं आणि एक जाड दोरी घेऊन. हे मशीनपाशी होते, होल अर्धं झालेलं. मान वर न करता म्हणाले, "थांबा जरा." आणि ते सगळे थांबले, दोरी हातात घेऊन, त्या वळ्या वर येताना बघत. मुलाची नजर आधी बापाच्या हातावर गेली, मग माझ्या हातांवर, ते रिकामे होते, मग आवळलेल्या प्लेटीवर. त्यानं पुढे होऊन पट्टी हलवून बघितली. हलली नाही.

"एका होलाला किती वेळ लागतो?" त्यानं विचारलं.

"लागतो," हे म्हणाले.

मुलगा भंगारवाल्याकडे वळला. "मशीन नाही द्यायचं. चालू आहे." भंगारवाला बिचारा दोन माणसं घेऊन आलेला, त्याला रिकामं कसं पाठवायचं? चहा दिला, आणि आमची ती जुनी पळणारी मोटर दिली. त्या जाड दोरीत ती एवढीशी मोटर बांधून दोन माणसं घेऊन गेली.

आता दिवसाला पूर्वीइतकी होलं होत नाहीत. राहनाळची माणसं कुरकुर करतात, तरी येतात, कारण होल सरळ पडतं. जॉबरभाईही येतात, आणि मोटरीला हात लावण्याआधी दर वेळी मला विचारतात, "भाभी, लेफ्ट है कि राइट?" ती दोन बोटं अजून दुमडत नाहीत. धार ह्यांनीच लावायची, प्लेट मी बांधायची, असं ठरून गेलंय. आणि बटणावर बोट ठेवून हे रोज, प्रत्येक प्लेटीला, गिऱ्हाईक उभं असलं तरी, विचारतात.

"आवळलंस?"

"आवळलं."

"हात कुठं हाय?"

मी दोन्ही हात वर करून दाखवते. मग बटण दाबतात.